आपल्या भागासाठी चार दाबा

२ ऑगस्ट

भोंग्या,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनच करणार होतो, पण आपल्या मामा-भाचीचा फोन म्हणजे तिसऱ्या मिनिटाला भांडण आणि पाचव्याला रिसीव्हरची आदळआपट. कागदावर निदान तू मला मध्येच तोडत नाहीस. आणि बाइंडरच्या घरात कागदाला काय तोटा!

तुझा आवाज मात्र मी रोज ऐकतो. दुकान उघडायच्या आधी तुमच्या पूर हेल्पलाइनचा नंबर फिरवतो, चार दाबतो, आणि तू सुरू होतेस. ‘आज दोन ऑगस्ट. खालचा पूल ते जुनी गिरणी. पाणी धोक्याच्या खुणेच्या खाली आहे. सध्या धोका नाही.’ सातव्या वर्षी आमच्या घरी आलीस तेव्हा अख्खी गल्ली गोळा होईल असं भोकाड पसरायचीस, म्हणून तुझं नाव भोंगा पडलं. आता त्याच गुणावर नोकरी मिळाली. चांगलंय.

ऐकलं की मी ते दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहितो. येणारे-जाणारे वाचतात. तुमच्या नंबरला पैसे पडतात ना, मग एकाने फोन करावा आणि चाळीस घरांनी वाचावं, यात काय वाईट?

तुझी मामी तशीच आहे. उजवी बाजू उठत नाही, बोलणं गेलंय, कान मात्र शाबूत. मी काही गंमत म्हणून फोन करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पाणी यायचं झालं तर तिला वरच्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या खोलीत न्यायचं ठरलंय. जिना अरुंद, मध्ये वळण. खाटेसकट उचलायला चार माणसं लागतात: शेजारचे दोघे हमाल भाऊ, बेकरीवाला आणि मी. त्यांना गोळा करून, दार बिजागरीतून काढून, तिला न दुखवता वर न्यायला दोन तास हवेत. दोन तास आधी कळलं तर मामी वर पोचेल, नाही कळलं तर नाही.

पण मला एक सांग, हे सगळं चालवतं कोण? तुझ्या बडबडीचा पगार कोणाच्या खिशातून येतो?

मामा


९ ऑगस्ट

मामा,

बडबड म्हण, काय वाटेल ते म्हण, पण रोज ऐकतोस हे वाचून बरं वाटलं.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या, पाच माणसं आणि एक पंखा जो फक्त आवाज करतो. नदीवर अकरा ठिकाणी पाण्यात पट्ट्या रोवल्यात. सकाळी तिथली माणसं पट्टी वाचून आकडा कळवतात. नदी खात्याचा इंजिनिअर त्यावरून धोका आहे की नाही ते ठरवतो आणि मी एका कपाटाएवढ्या खोलीत शिरून अकरा भागांचे अकरा निरोप रेकॉर्ड करते. भिंतींना गाद्या ठोकल्यात, त्यामुळे आत आपण कोणाच्या तरी अंथरुणात बसून बोलतोय असं वाटतं. शून्य दाबलं तर जिवंत माणूस फोन घेतं.

पैसे निम्मे नदी खात्याचे, निम्मे काठावरच्या नगरपालिकांचे. ज्याने त्याने आपापल्या भागाचा हिस्सा द्यायचा. पण प्रत्येक पालिका दरवर्षी विचारते, आमच्याकडून फोन किती आले ते दाखवा. त्यामुळे आमचे साहेब दिवसभर फोन मोजतात. आम्ही त्यांना मोजणीसाहेबच म्हणतो. पूर आला नाही तर तुमची गरज काय, आणि आला तर तुम्ही काय करत होतात, अशी दोन्हीकडून बोलणी खाणारं हे खातं आहे.

एक चांगली बातमी. बहुतेक दिवस निरोप तोच असतो, बदलते ती फक्त तारीख. तेवढ्या तारखेसाठी मी अकराच्या अकरा निरोप नव्याने वाचत होते. मी सुचवलं की तारीख काढूनच टाकू या, पाणी बदललं तरच नवा निरोप भरायचा. रोजचा दीड तास वाचला! तेवढा वेळ मी शून्यवरचे फोन घेते. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मामीला सांग, मी तुझ्यासाठीच नीट सावकाश वाचते.

भोंगा


१७ ऑगस्ट

भोंग्या,

तारीख गायब झाल्याचं आमच्या लक्षात आलं होतं. बेकरीवाला म्हणाला, “मी तारखेशिवाय पाव विकला तर मला दंड होतो, आणि यांचं बरं चाललंय.” मी म्हटलं, माझी भाची काय पाव आहे शिळी व्हायला? पण साहेबाने नाव घेतलं ना, मग झालं. मी दोन दिवस तेच सांगत फिरतोय, लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

फळ्यावर मात्र तारीख हवीच. नाहीतर कालचंच आहे की काय असं लोकांना वाटतं. म्हणून ती मी घालतो. रोज सकाळी, लाल खडूने, चांगली हातभर.

फळ्याचा बोलबाला झालाय. शाळेच्या मोठ्या बाई शिपायाला पाठवून वाचून घेतात. मागच्या दोन गल्ल्याही आता इकडेच येतात. कोणीच फोन करत नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, उगाच पैसे घालवू नका, मी आहे ना. एवढा मान मला चाळीस वर्षं पुस्तकं शिवून मिळाला नव्हता.

आणि एक नवीन. परवा मी रिसीव्हर तुझ्या मामीच्या कानाला लावला. तू ‘धोका नाही’ म्हणालीस आणि तिचं अर्धं तोंड हसलं. आता रोज लावतो. त्याशिवाय ती चहाच घेत नाही.

मामा


५ सप्टेंबर

मामा,

उशीर झाला, रागावू नकोस. माझं नेहमीसारखंच चाललंय. ऑफिसात जरा काटकसर सुरू आहे. मशीनचा दुरुस्तीवाला आणि शून्यवरची एक मुलगी, दोघांना कमी केलं. बाकी ठीक.

माझ्या आवाजात काही फरक वाटला तर मनावर घेऊ नकोस. मामीला फोन ऐकवतोस ते मात्र काही दिवस बंद ठेव. नंतर सांगेन.

डॉक्टर येऊन गेले का? तिच्या पाठीला जखमा होऊ देऊ नकोस, कुशी बदलत जा.

भोंगा


२३ सप्टेंबर

भोंग्या,

फरक कसला? घसा बसलाय की काय म्हणून मी तुझं पत्र आल्यापासून कान देऊन ऐकतोय. कुठे काय! दोन आठवड्यांत एक खोकला नाही की खाकरणं नाही. ‘धोका’ म्हणायच्या आधी तू एक बारीकसा श्वास घेतेस, तोही रोज नेमका त्याच जागी. पुस्तक शिवताना माझाही टाका असाच डोळे मिटून त्याच जागी पडतो. हाताला काम बसलं की असं होतं. तू आता पक्की कारागीर झालीस, एवढाच फरक.

मामीला ऐकवणं बंद करा म्हणतेस, ते जमणार नाही. एक दिवस करून पाहिलं. तिने दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही.

नदी गढूळ झालीये. पुलाच्या दुसऱ्या पायरीवर पाणी आहे. हमाल भाऊ आज येऊन म्हणाले, “बाइंडरकाका, मामींना आताच वर ठेवू या का? आम्ही दोघं परवा बाहेरगावी मालाला जातोय.” मी त्यांना फळ्यापाशी नेलं आणि वाचायला लावलं. उगाच तिला त्या जिन्यातून ओढायचं, वर परक्या घरात ठेवायचं, आणि चार दिवसांनी परत खाली आणायचं. तुझ्यापेक्षा त्या हमालांना जास्त कळतं का?

वेळ काढून ये एकदा.

मामा


२६ सप्टेंबर

मामा,

काल दुपारपासून तुझा फोन लागत नाही. तुमच्याकडे जाणारी पोस्ट बंद आहे. मदतीचा ट्रक तुमच्या बाजूला निघालाय, हे पत्र त्याच्या ड्रायव्हरच्या हातात देते. मिळालं की त्याच्याच हाती दोन ओळी दे. मामी वर आहे ना, एवढंच लिही.

तुझं तेवीसचं पत्र आज सकाळी आलं. मी ते ऑफिसच्या दारातच वाचलं.

मामा, एक तारखेपासून मी रेकॉर्डिंग करत नाही. मला त्या खोलीतून काढून मागच्या खोलीत टाकलं, पालिकांना पाठवायच्या फाइली लिहायला. माझ्या जागी एक नवीन बाई कमी पगारात आल्या. तू गल्लीभर माझं नाव सांगत फिरत होतास, म्हणून मला हे लिहिवलं नाही. मला वाटलं, आता तू त्या बाईंचा आवाज ऐकत असशील, आणि कळूनही माझी लाज राखायला गप्प असशील.

आज पळत त्यांच्या खोलीत गेले. विचारलं, चार नंबरला काय वाचता? त्या म्हणाल्या, “चार माझ्या यादीत नाहीच.” तुमच्या पालिकेने हिस्सा बंद केला म्हणून चार यादीतून कमी झाला होता. पण जुना निरोप मशीनमधून पुसायचा कोणी? दुरुस्तीवाला तर घरी बसला होता. तू आणि मामी जवळजवळ चार आठवडे माझा तीस ऑगस्टचा निरोप ऐकत होता. तो श्वास रोज त्याच जागी होता, मामा, कारण तो एकच श्वास होता.

काल पाणी चढलं तेव्हा मी इथे नव्हते. एका दुसऱ्या पालिकेत फाइल घेऊन बसले होते. हेल्पलाइन किती उपयोगाची आहे ते पटवून देत होते.

मामी वर आहे ना?

भोंगा


२९ सप्टेंबर

भोंग्या,

ड्रायव्हर घाईत आहे. मी बरा आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावर आहोत. तुझी मामी काल सकाळी गेली. छातीत गारठा भरला. पाणी फार लवकर आलं, कोणाचं काही चुकलेलं नाही. रस्ता मोकळा झाला की ये.

मामा


२० ऑक्टोबर

मामा,

चार दिवस तुझ्याकडे राहिले आणि आपण चार वाक्यं बोललो नाही. तू चिखल उपसत होतास, मी भांडी घासत होते. एकदाही भांडलो नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तू पत्रात लिहिलंस की कोणाचं काही चुकलं नाही. ते मला मान्य नाही.

चौकशी सुरू झाली आहे. साहेब म्हणाले, चार नंबर यादीतून गेला एवढंच लिहा, निरोप तसाच वाजत होता ते लिहायची गरज नाही. मी लिहिलं. तारीख काढायची सूचना माझी होती, तेही लिहिलं. तारीख असती तर दुसऱ्याच दिवशी तुला कळलं असतं की हे कालचं आहे. दीड तास वाचवला मी. मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं म्हणून मी त्या दिवशी तीन जणांना पेढे दिल्यासारखी हसत फिरले होते.

मला वाटलं होतं नोकरी जाईल. उलट परत रेकॉर्डिंगला बसवलंय. चार पुन्हा सुरू झाला. आता प्रत्येक निरोपात पहिली तारीख येते. रोज नव्याने वाचते, अकराच्या अकरा. चारला आवाज कापतो, दोनदोनदा वाचावं लागतं.

तुमची पालिका हिस्सा का देईनाशी झाली ते मी फाइलीत पाहिलं. ते इथे लिहीत नाही. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही.

इकडे माझ्याकडे राहायला ये. एक खोली आहे, पण तिसऱ्या मजल्यावर.

भोंगा


८ नोव्हेंबर

भोंग्या,

संबंध नाही असं तू ठासून लिहिलंस, तेव्हाच कळलं की आहे. म्हणून पालिकेत गेलो. तिथल्या कारकुनाने वही उघडून दाखवली. आधीच्या पावसाळ्यात आमच्या भागातून दिवसाला साठ-सत्तर फोन. या ऑगस्टमध्ये दिवसाला एक. तोही रोज एकाच नंबरवरून. तो म्हणाला, “आजोबा, एका माणसासाठी पालिकेने पैसे भरायचे का?” त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, आणि जिना उतरलो.

मी सगळ्यांचे पैसे वाचवले, भोंग्या. मी आहे ना, म्हणालो.

आता त्या दिवसाचं. हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू साहेबाचं न ऐकता सगळं लिहून दिलंस, मग मीच का लपवू? पंचवीस तारखेला सकाळी हमाल भाऊ पुन्हा आले. मालाची गाडी दहाला होती. म्हणाले, “जाता जाता उचलून देतो, काका, मन लागत नाही.” पाणी चौथ्या पायरीवर होतं. या वेळी माझंही मन डळमळलं. मी दाराची बिजागरी काढायला हातोडी घेतली. तर तुझ्या मामीने डावा हात उचलला आणि फोनकडे दाखवला. तिला सकाळीच ऐकवला होता. पोरीने सांगितलंय ना, असं तिचं म्हणणं. पुन्हा लाव अशी खूण केली, तर पुन्हा लावला. पुन्हा तू तेच म्हणालीस. ती हसली. मी हातोडी खाली ठेवली आणि हमाल गेले.

साडेअकराला पाणी उंबऱ्यात आलं आणि बाराला खाटेला लागलं. मी आणि बेकरीवाल्याने तिला माझ्या शिवायच्या मेजावर उचलून ठेवलं. दोघांत तिला जिन्यातून वर नेणं झालं नाही, वळणावर दोनदा अडकलो आणि परत मेजापाशी आलो. तीन तास मी छातीभर पाण्यात तिला धरून उभा होतो. कमरेपर्यंत ती पाण्यातच होती. शेवटी होडीवाले आले. गल्लीतली बाकीची माणसं वर पळाली होती. जाताना फळ्याकडे बघून गेली. कोणी मला एक शब्द बोललं नाही. अजूनही बोलत नाहीत, पुस्तकं मात्र शिवायला देतात.

तू म्हणतेस चूक तारीख काढायची. असेल. पण तू काढलीस ती मी घातली. रोज सकाळी, लाल खडूने, हातभर. तुझा निरोप तीस ऑगस्टचा होता, त्यावर पंचवीस सप्टेंबर मी लिहिलं. तुझ्या ऑफिसातल्या कोणी नाही लिहिलं. चौकशीवाल्यांना मी हे सांगितलंय. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाले, फळा आमच्या कक्षेत येत नाही.

तुझ्याकडे येणार नाही. इथे काम आहे, भिजलेली पुस्तकं सुटी करून वाळवायची आहेत. रागाने म्हणत नाही. तुझ्यावर राग धरायचा म्हटलं तर आधी स्वतःवर धरावा लागतो, आणि तेवढी ताकद उरलेली नाही.

आता गल्लीतून रोज शंभरावर फोन जातात. पालिकेने हिस्सा न मागता वाढवून दिला. फळा बेकरीवाल्याने नेला, त्यावर पावाचे भाव लिहितो.

मीही फोन करतो, चार दाबतो. आधी तारीख येते, तुझ्या आवाजात. ती ऐकली की हात आपोआप रिसीव्हर घेऊन भिंतीकडे वळतो, मामीच्या कानाच्या उंचीला. तिथे मी आता पुठ्ठे वाळत घातलेत.

तेवढं मात्र कापऱ्या आवाजात वाचू नकोस. ती म्हणायची, बोलता येत होतं तेव्हा, पोरीचा आवाज खणखणीत आहे.

मामा